मागच्या वल्ह्यावर

माणसाचा चेहरा बघून त्याच्या मनातलं ओळखता येतं, असं लोक म्हणतात. मला येत नाही. कुणी हसलं तर ते माझ्याशी हसलं की मला हसलं, हे मला घरी गेल्यावर, जेवण झाल्यावर, भांडी घासताना कधीतरी कळतं, आणि तेही नक्की नाही. म्हणून मी एक सोपा मार्ग काढला आहे. मी सगळ्यांवर सारखाच संशय घेते. त्यात निदान कुणावर जास्तीचा अन्याय होत नाही.

आमची कंपनी मांडव्यापासून चौलपर्यंतच्या बंगल्यांची देखभाल करते. बंगले मुंबईकरांचे. ते शनिवारी बोटीने येतात, रविवारी परत जातात, आणि मधल्या दिवसांत बंगल्यांचं सगळं काही आमच्या गळ्यात. तक्रारींचं टेबल माझ्याकडे आहे. टाकी वाहतेय, इन्व्हर्टर बोंबललाय, वानरांनी कौलं काढली, स्विमिंग पुलात धामण पडली. तक्रार आली की मी माणूस पाठवते. गोड बोलणं मला जमत नाही. माणूस जेवत असेल तर ‘लगेच पाठवते’ न म्हणता ‘तो जेवतोय, जेवला की येईल’ असं सांगते. काही मालकांना हे आवडतं. काही थेट शेठना फोन लावतात.

शेठ इथलेच. आजोबांचं मिठागर होतं, वडिलांनी ट्रक घेतले, आणि यांनी ही कंपनी काढली. मध्ये ते कुठेतरी एक ऑफिस बघून आले आणि आमच्याकडच्या भिंती पाडून त्यांनी एकच मोठा हॉल केला. सगळे सगळ्यांना दिसले पाहिजेत म्हणे. त्या हॉलमध्ये सगळ्यांचे फोन एकदम वाजायचे, पंखा कुरकुरायचा, कुणीतरी सुकटाचा डबा उघडायचं, आणि माझ्या डोक्यात फरशीवरून पत्रा ओढल्यासारखं व्हायचं. दुपारी मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसायचे. शेवटी रजा टाकली, मांडव्याहून बोट धरली आणि मुंबईत डॉक्टर गाठला. बऱ्याच भेटींनंतर तो म्हणाला, ऑटिझम. मला आधी त्याचाच संशय आला. डॉक्टरकडे गेलं की तो काहीतरी नाव देणारच, त्याचा धंदाच आहे तो. पण तो जे जे सांगत होता ते माझ्या शाळेपासूनचं होतं आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीपुढून न उठता म्हणाली, “येवढ्या लांब कशाला गेलीस इचारायला? मना इचारायचं. तू पयल्यापासनं तशीच हायस.”

ऑफिसात मात्र मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. स्टोअर सांभाळणाऱ्या एका माणसाला पूर्वी डिप्रेशन आलं होतं. त्या बिचाऱ्याने ते सरळ सांगून रजा मागितली. शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, “आधी तब्येत, काम काय, व्हत राहील” म्हणाले, आणि थोड्याच दिवसांत केक आणून, टाळ्या वाजवून त्याला कायमचा आराम दिला. तेव्हापासून ऑफिसात केक आला की मला घाम फुटतो. माझी ही नोकरी गेली तर दुसरी मिळणं कठीण आहे. मुलाखतीत मी समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, आणि ‘तुमच्यातला एखादा दोष सांगा’ म्हटलं की खरा दोष सांगते. घरात आई आणि मी. वाडीत सुपारी आहे, नारळ आहेत, पण त्यावर दोन माणसं आणि आईची औषधं भागत नाहीत.

असं सगळं असताना एका दिवाळीनंतर मुंबईहून एक मॅडम आमच्याकडे आल्या. माणसांचं बघायला, म्हणजे रजा, नेमणुका, भांडणं वगैरे. चष्मा, सुती कुर्ता, भराभर चालणं. कसं आहे, असं प्रत्येकाला विचारायच्या आणि विचारून झाल्यावर उत्तरासाठी थांबायच्या. हे मला फारच संशयास्पद वाटलं.

महिनाभराने त्यांनी मीटिंग घेतली. पडद्यावर रंगीबेरंगी मेंदू दाखवले. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द लिहिला आणि समजावून सांगितला. प्रत्येकाचा मेंदू वेगळा चालतो. कुणाला आवाज सोसत नाही, कुणाला एका जागी बसवत नाही, कुणाची वाचताना अक्षरं उलटीसुलटी होतात. हा कुणाचा अपराध नाही. कंपनीने अशा माणसांना ओळखून साथ दिली तर काम चांगलं होतं. त्यातला ‘ओळखून’ एवढा शब्द मी ध्यानात ठेवला. साथ द्यायची तर द्या ना. आधी ओळखायचं कशाला? कोंबडी पकडणारासुद्धा आधी दाणेच टाकतो. शेठ पहिल्या खुर्चीत बसून मान डोलवत होते, आणि शेठ ज्याला मान डोलवतात त्यात त्यांचं काहीतरी असतंच.

आमच्याकडे गाड्या पाठवणारा एक जण आहे. केस पिकायला लागले, मुलगी कॉलेजात जाते, तरी त्याचं बूड एका जागी टेकत नाही. ऑफिसात त्याला भिंगरी म्हणतात. चहा अर्धा टाकून उठतो, किल्ल्या हरवतो आणि दिवसभर शीळ घालतो. पण वादळात झाडं पडली, वीज गेली, चहूकडून एकदम बोंब उठली, की आख्ख्या हॉलमध्ये तोच एकटा शांत असतो. त्याची शीळ माझ्या कानात सुईसारखी जाते. मीटिंगमध्ये तो हात वर करून म्हणाला, “मॅडम, हे तर माझंच चाललंय!” सगळे हसले. शेठही हसले, आणि हसणं थांबल्यावरही त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा मला वाचता येत नसला, तरी कोण कुणाकडे किती वेळ बघतो हे मला दिसतं.

मग जाहीर झालं की येत्या रविवारी सगळ्यांनी रेवदंड्याच्या खाडीत कायाकिंगला जायचं. छोट्या होड्या, दोन पात्यांची वल्ही. पाण्यावर डोकं शांत होतं, माणसं एकमेकांना समजून घेतात, असं बरंच काही सांगितलं. सक्ती नाही, असंही सांगितलं. ज्याची सक्ती नसते, तिथे कोण आलं नाही हे आवर्जून बघितलं जातं, एवढं मी नोकरीत शिकले आहे. आई म्हणाली, “फुकट कोन होडीत बसवतो गो? कायतरी इकत आसतील.”

सकाळी आम्ही सगळे खाडीवर जमलो. शिकवणारा रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला, तिशीतला, बाहेर स्पर्धा खेळून आलेला. तो उशिरा आला, नमस्कार केला नाही, हसला नाही. मला तिथल्या तिथे बरं वाटलं. लाइफ जॅकेटचे पट्टे त्याने असे आवळले की बाकीच्या बायका कुरकुरल्या. मला ते आवळणं आवडलं. अंगाला कुणाचा हात न लागता कुणीतरी घट्ट धरलंय असं वाटत होतं.

होड्या दोघादोघांच्या होत्या. पुढचा माणूस वल्ह्याची लय धरतो, मागचा त्याच्या लयीत वल्हवतो आणि दिशा सांभाळतो. जोड्या लावताना मॅडम नेमक्या माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, मी मागे बसणार. पाठीमागे कुणी बसलेलं मला चालत नाही, त्यातून मॅडम सकाळपासून मोबाइलवर सगळ्यांचं शूटिंग करत होत्या. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी गळ्यात अडकवला होता, म्हणजे पाण्यावरही करणार.

“आन् येक,” शिकवणारा ओरडला, “होडीत जे काय करनार ते आधी तोंडानी बोलायचं. वलायचं तर वलतो बोला, थांबायचं तर थांबतो बोला, मंग करा. बाबांच्या बोटीवर जाला वडताना आमी तसंच करतो. मशिनच्या आवाजात मान हलवून कोनाला काय कलत न्हाय. गपचूप काय केलं का होडी पलटी.”

मला वाटलं, हा नियम माझ्या जन्माआधी सगळ्या जगाला कुणी का लावला नाही? कुणी मान हलवणार नाही, भुवई उडवणार नाही, ‘समजून घ्या ना’ म्हणणार नाही. करायचं ते बोलणार आणि बोलले तेच करणार. थोड्याच वेळात खाडीभर आरडाओरडा सुरू झाला. “वळतोय!” “थांबतेय!” “मी शिंकतेय!” शेठ “उजवीकडं घेतो!” म्हणत डावीकडे गेले आणि काठच्या तिवरांच्या झुडपांत घुसले. भिंगरी पुढच्या होडीत होता. त्याची शीळ ऐकू येत नव्हती म्हणून मी दोनदा बघितलं, तो बुडला तर नाही ना.

आम्ही दोघी कडेकडेने चाललो होतो. भरती चढत होती, त्यामुळे फारसा जोर लावावा लागत नव्हता. माझ्यासमोर मॅडमची नुसती पाठ होती, नारिंगी जॅकेटमधली. पाठीकडे बघून काही ओळखायचं नसतं. फक्त आवाज ऐकायचा. बाकीचे लांब गेल्यावर त्या म्हणाल्या, “थांबतेय.” त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मीही थांबले.

“आता एक वाईट गोष्ट सांगतेय,” त्या म्हणाल्या.

“सांगा.”

“हे सगळं मी खरंच मनापासून सुरू केलं. शेठनी होकार दिला, पण त्यांना त्या बदल्यात नावं हवी आहेत. आपल्यात कोण कोण असं आहे, कुणाला झेपत नाही, कोण बिथरतं. शूटिंग त्यासाठी करायला सांगितलंय. पावसाळ्याआधी त्यांना माणसं कमी करायची आहेत.”

म्हणजे माझा संशय खरा होता. संशय खरा ठरल्याचा आनंद होईल असं मला नेहमी वाटायचं. झाला नाही. दिशा सांभाळायचं विसरले आणि होडी तिरकी होऊन तिवरांकडे सरकायला लागली.

“मग?” मी विचारलं.

“मी नावं देणार नाही. शूटिंग पुसतेय.” त्यांनी पिशवीतूनच बोटं चालवली. मी मान उंच करून बघितलं. पुसत होत्या खऱ्या.

“मला का सांगताय?”

“एक नाव मला पहिल्याच आठवड्यात कळलं म्हणून. तुम्ही दुपारी बाथरूममध्ये जाता ते पोट बिघडलं म्हणून नाही. माझा सख्खा भाऊ तसाच कडी लावून बसतो. ते नाव माझ्याकडून जाणार नाही, एवढंच सांगायचं होतं.”

खरं म्हणजे मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. हो, नाही, तुमचा गैरसमज झालाय, काहीही. मी “वल्हवतेय” एवढंच म्हटलं आणि वल्हवायला लागले.

घरी सुपारी सोलता सोलता मी विचार केला. एक तर बाई खरं बोलत होत्या. किंवा हा सापळा होता. आधी आपलं गुपित सांगायचं, म्हणजे समोरचा विरघळून आपलं सांगतो, आणि मग ते नेऊन शेठच्या टेबलावर ठेवायचं. मोबाइलमधून पुसलेलं परत मिळतं, हे तर भिंगरीच्या मुलीलाही माहीत असेल. मला दुसरी गोष्ट जास्त पटली. जी वाईट असते ती मला नेहमीच जास्त पटते. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “गप ऱ्हा. कायपन कबूल करू नुको.”

पुढचे काही महिने मी मॅडमवर पाळत ठेवली म्हणायला हरकत नाही. त्यांनी हॉलमधल्या सगळ्या फोनचे आवाज बंद करून रिंगच्या जागी लुकलुकणारे दिवे लावायला लावले. तक्रारी मेसेजवर घ्यायची सोय केली. भिंगरीचं टेबल पडवीत नेलं आणि उंच करून दिलं, तो उभ्याने काम करायला लागला आणि किल्ल्या हरवायचं बरंच कमी झालं. स्टोअरशेजारची खोली रिकामी करून त्यांनी जाहीर केलं, ज्याला शांत बसायचं असेल त्याने बसावं, कारण सांगायची गरज नाही. मी बरेच दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिथे कोण जातं ते बघायला कॅमेरा असणार, याबद्दल मला शंका नव्हती. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना स्टूल घेऊन गेले आणि छताचे चारही कोपरे तपासले. एक पाल मिळाली. त्यानंतर मी तिथे जायला लागले, पण दाराकडे तोंड करून बसायचे.

रविवारी मात्र मी न चुकता खाडीवर जात होते. कंपनीचा उत्साह पहिल्या रविवारीच संपला होता, आम्ही तिघंचौघंच उरलो होतो. आठवडाभर डोक्यात साठलेला गोंगाट वल्ही मारताना कमी होत जायचा. हाताला काम, एक लय, आणि सगळं बोलून करायचं. परत किनाऱ्याला लागेपर्यंत मला भूक लागलेली असायची, साधी, माणसासारखी भूक. भिंगरीही यायचा. पाण्यावर तो शीळ घालत नसे. एकदा मी विचारलंच. म्हणाला, “इथं डोकं आपोआप बसतं. तिकडे बसवावं लागतं, मग शीळ येते.” ऑफिसात शीळ नको, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो प्रयत्न करतो म्हणाला आणि सोमवारी विसरला.

पावसाळ्याच्या तोंडावर ऑफिसात केक आला. मला घाम फुटला, पण तो मॅडमसाठी होता. शेठ म्हणाले, मॅडमना मुंबईत चांगली संधी मिळाली आहे. टाळ्या वाजल्या. मॅडमनी केक कापला, खाल्ला नाही. निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या. “जातेय,” म्हणाल्या. मी “बरं” म्हटलं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. काम फत्ते केलं, नावं दिली, बक्षीस घेऊन निघाल्या. आता माझी पाळी. त्या आठवड्यात मी ड्रॉवरमधलं माझं सामान थोडं थोडं करून घरी नेलं.

आणि शेठनी मला आत बोलावलं.

“ताई, बसा,” ते म्हणाले. एरवी ते मला नुसतं ‘अहो’ म्हणतात. मी उभीच राहिले.

“ती मॅडम कामाची नव्हती,” शेठ म्हणाले. “साधी दोन नावं मागितली, तर असल्या कारनावरून मानूस काढता येत न्हाय म्हनून मलाच कायदा शिकवला. शेवटपर्यंत तोंड उघडलं न्हाय. मी तिला म्हटलं, मग जा. तुम्ही जुन्या. तुम्ही खोटं बोलत न्हाय, आख्ख्या ऑफिसला ठावं हाय. तुम्हीच सांगा, आपल्यात असं कोन कोन हाय? तो गाड्यावाला तर हायच, व्हय ना?”

गोष्टी मला उशिरा कळतात, पण ही तिथेच उभ्या उभ्या कळली. बाईंनी सांगितलंच नव्हतं. पाण्यावर जे बोलल्या होत्या तेच केलं होतं, आणि त्यापायी नोकरी गेली होती. मुंबईतली चांगली संधी वगैरे काही नव्हतं. शेठना माझ्याबद्दल काडीचीही माहिती नव्हती. मी मान हलवून ‘हो, तो गाड्यावाला’ म्हटलं असतं, तर माझी नोकरी पक्की होती आणि हॉलमधली शीळही कायमची थांबली असती. तो विचार माझ्या मनात आला. आला म्हणजे आला.

“मी आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“मला ऑटिझम आहे. मुंबईच्या डॉक्टरने सांगितलंय. हे एकच नाव मला नक्की माहीत आहे. गाड्यावाल्याला काय आहे ते मला माहीत नाही. त्याची शीळ मला आवडत नाही, पण ती तक्रार मी त्याच्याकडे केली आहे.”

शेठ हसले. “ताई, मस्करी नुको.”

“मला मस्करी येत नाही. इतक्या वर्षांत तुमच्या लक्षात यायला हवं होतं.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. “मंग तक्रारींचं टेबल सांभाळता कसं?”

“आजपर्यंत सांभाळलं तसंच.”

“बघू,” शेठ म्हणाले.

ते ‘बघू’ अजून चालू आहे. पाऊस झाला, गणपती झाले, मी त्याच टेबलावर आहे आणि भिंगरी पडवीत आहे. ऐन पावसात ते टेबल घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून असेल, किंवा मॅडमनी शिकवलेला कायदा शेठच्या डोक्यात बसला असेल. चांगुलपणामुळे असेल, यावर माझा विश्वास नाही.

पण त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. केबिनमधून बाहेर आले ती थेट मागे पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि मॅडमना फोन लावला. कामाशिवाय मी कुणाला फोन करत नाही. पलीकडे रिंग वाजत असताना काय बोलायचं ते ठरवलेलं नसेल तर मी ठेवूनच देते.

“तुम्ही शेठना माझं नाव सांगितलं नव्हतं,” मी म्हटलं.

“नाही. सांगणार नाही म्हटलं होतं ना.”

“आत्ता मीच सांगून आले.”

 त्या एकदम ओरडल्या. “काय केलंत? अहो, काय केलंत तुम्ही हे? मी तिथली नोकरी घालवली ती कशासाठी? तेव्हापासून घरी बसलेय मी. भावाचा दवाखाना आहे, घराचा हप्ता आहे, आणि तरी एक शब्द बोलले नाही, आणि तुम्ही ते स्वतः जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवून आलात? तुमच्या आईचं काय? काही विचार? मला आधी एक फोन करता येत नव्हता?”

त्या थांबेचनात. मोठ्याने बोलणं मला एरवी सोसत नाही. तेव्हा मी फोन कानाला आणखी घट्ट लावला. मॅडम माझ्यावर चिडल्या होत्या आणि माझ्यासाठी चिडल्या होत्या. त्यांच्या एकाही शब्दाबद्दल मला शंका येत नव्हती. मला रडू आलं. टाकीला पाठ टेकून मी तिथेच खाली बसले आणि त्यांना बोलू दिलं.